बाहा कॅलिफोर्नियात भाड्याची जीप आणि टपावरचा तंबू, 10 रात्रींचा रिव्ह्यू

गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा आधी तंबू उघडून बघू नका, फ्रिजही नको, सरळ मागच्या दारावर लटकलेल्या स्टेपनीकडे जा आणि तिच्यात हवा किती आहे ते मोजायला लावा. आम्ही हे केलं नाही. बाकी मी जे काही चांगलं लिहिणार आहे (आणि चांगलं बरंच आहे) ते सगळं या एका गोष्टीच्या नंतर येतं.

तर झालं असं की गेल्या फेब्रुवारीत मी आणि नवरा सॅन डिएगोहून जीप रॅंग्लर भाड्याने घेऊन मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात उतरलो, 10 रात्री, साधारण 2200 किमी, खाली मुलेहेच्या पुढच्या कोन्सेप्सिओन खाडीपर्यंत आणि परत. टपावर कडक कवचाचा तंबू, आत 12 व्होल्टचा फ्रिज, त्याला वेगळी बॅटरी, स्वयंपाकाची पेटी, पाण्याचे 20 लिटरचे दोन कॅन, असं सगळं एकत्र. भाडं दिवसाला 185 डॉलर, मेक्सिकन इन्शुरन्सचे पैसे वेगळे. कंपनीचं नाव मी लिहीत नाहीये, कारण माणसं मनाने चांगली होती आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये, पण जे घडलं ते सगळं लिहितेय.

कागदपत्रांचं आधी, कारण तिथे त्यांचं काम एक नंबर होतं. अमेरिकेतला साधा इन्शुरन्स मेक्सिकोत थर्ड पार्टीसाठी चालत नाही, तिथल्या कंपनीचाच लागतो, आणि अपघात झाला आणि तो नसेल तर नुकसानीचं मिटेपर्यंत तुम्हाला अडकवून ठेवू शकतात. बऱ्याच मोठ्या भाडे कंपन्या तर गाडी सीमेपलीकडे न्यायलाच देत नाहीत. यांनी गाडी मेक्सिकोत न्यायला परवानगी असल्याचं पत्र, पॉलिसी, रजिस्ट्रेशनची कॉपी, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिलं, रस्त्यातल्या चौक्यांवर दोनदा दाखवावं लागलं आणि एका मिनिटात काम झालं. फक्त पॉलिसीत टायर आणि गाडीचं पोट कव्हर नव्हतं, ते बारीक अक्षरात होतं, आम्ही वाचलं होतं आणि तरी सही केली. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक सांगते, अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण प्रवेशाचा कागद मात्र घ्यावा लागतो, आणि गाडीने जाताना तुम्हाला तिथे कुणी थांबवेलच असं नाही, स्वतः गाडी बाजूला लावून इमिग्रेशनच्या ऑफिसात जायचं. आम्ही मेक्सिकालीला सीमा ओलांडली, तिथे गर्दी कमी वाटली.

पहिली रात्र सान फेलिपेच्या दक्षिणेला समुद्रकिनारी. तंबू उघडायला खरंच एक मिनिट लागतं, दोन खटके काढायचे, कवच वर ढकलायचं, शिडी लावायची, झालं. आत गादी चांगली जाड, वरच्या जाळीतून आकाश, आणि तिथलं आकाश म्हणजे काय सांगू, याच डोंगररांगेत वर सान पेद्रो मार्तिरला मेक्सिकोची राष्ट्रीय वेधशाळा आहे ती काही उगाच नाही. पण गाडी कुठे लावायची हे तंबूपेक्षा महत्त्वाचं आहे. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या या वरच्या टोकाला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी 6-7 मीटरपर्यंत खालीवर होते, संध्याकाळी समुद्र लांब कुठेतरी मागे गेलेला दिसतो आणि वाटतं की वा, एवढी सपाट वाळू, लावू इथेच. नका लावू. वाळलेल्या शेवाळाची रेघ जिथे दिसते तिच्याही बरंच वर लावा. भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये आधी उतरवून घ्या, कारण पुढे नेटवर्क गायब होतं.

पुढे प्वेर्तेसितोसला अगदी समुद्राच्या कडेला खडकात गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथेही हेच वेळापत्रक कामाला येतं. ओहोटीत पाणी कढत असतं, भरतीत समुद्र आत शिरून ते गार होतं, मधल्या तास-दोन तासात मस्त. आम्ही बरोबर मधे पोचलो, सकाळी सातला, दुसरं कुणीच नव्हतं.

गोन्सागा खाडीत दुसऱ्या रात्री वारा लागला. हिवाळ्यात आखातात उत्तरेकडून वारा सुटतो तो एकेकदा दोन-दोन दिवस थांबत नाही, आणि टपावरचा तंबू म्हणजे जमिनीपासून दोन मीटर उंचावर धरलेलं शीड. कापड रात्रभर फडफडत होतं, गाडी डुलत होती, झोप काही लागली नाही. दुसऱ्या दिवशी डोकं चाललं, गाडीचं नाक वाऱ्याकडे करायचं, उघडी बाजू मागे ठेवायची, आणि शक्य असेल तर टेकाडाच्या आडोशाला थांबायचं, मग पुढच्या रात्री ठीक गेल्या. हे गाडी देताना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तंबूचा दुसरा तोटा म्हणजे तो गाडीला जोडलेला, त्यामुळे सकाळी दूध आणायला जायचं तरी सगळं घर आवरून बंद करावं लागतं. एका जागी तीन-चार दिवस राहणार असाल तर साधा जमिनीवरचा तंबू बरा, रोज मुक्काम हलवणार असाल तर हाच. आणि टपावर 60-70 किलो वजन आलं की तिरक्या उतारावर गाडी वेगळीच वागते हे लक्षात ठेवा, वळणावर नेहमीपेक्षा हळू.

गोन्सागाला पेट्रोल भरून घेतलं. इथून पुढे चापालापर्यंत जो रस्ता एकेकाळी गाड्यांचे सांधे खिळखिळे करण्यासाठी प्रसिद्ध होता तो आता डांबरी झालाय, त्यामुळे लोक म्हणतात मजा गेली, मला तसं वाटलं नाही, कच्चे फाटे दोन्ही बाजूंना हवे तेवढे आहेत. चापालाला तो हायवे 1 ला मिळतो, म्हणजे तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत जाणारा 1700 किमीचा रस्ता, जो 1973 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी अख्ख्या द्वीपकल्पात वरून खाली जायचं तर बराचसा रस्ता मातीचाच होता. हायवे आहे म्हणून पळवू नका, खूप ठिकाणी रस्त्याला साइडपट्टीच नाही, डांबर संपलं की सरळ खाली उतार, समोरून ट्रक आला की आरसे घासतील असं वाटतं. रात्री तर अजिबात नको, मोकळी सुटलेली गुरं डांबर गरम असतं म्हणून रस्त्यावर येऊन उभी राहतात. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तो बहुतेक वेळा "रस्ता मोकळा आहे, जा पुढे" या अर्थाने, पण तो खरोखरच डावीकडे वळणारही असू शकतो, म्हणून तो फाटा आहे का ते आधी बघायचं. आणि 'वादो' अशी पाटी दिसली की वेग कमी, तिथे ओढ्यासाठी रस्ता खाली बुडवलेला असतो.

बाइया दे लोस आंखेलेसला दोन रात्री राहिलो, झावळ्यांच्या छपराखाली गाडी लावायची, समोर बेटं, दोन-तीनशे पेसोत जागा मिळाली. इथे किटचं खरं कौतुक. फ्रिज दोन दिवस गाडी जागेवर उभी असताना 3 अंशांवर राहिला, बॉनेटवर पसरायचं सोलर पॅनल दिलं होतं ते पुरलं. स्वयंपाकाच्या पेटीत सुरी धारदार होती, चिमटा होता, कटिंग बोर्ड होता, म्हणजे ज्याने ती भरली तो स्वतः बाहेर जेवण बनवणारा माणूस असणार. संध्याकाळी कोळ्याकडून मासा घेतला, लिंबू मीठ लावून तव्यावर टाकला, गावातल्या गरम तोर्तियात गुंडाळून खाल्ला. पाण्याची चिंता करू नका, जवळजवळ प्रत्येक गावात 'आग्वा पुरिफिकादा' लिहिलेलं दुकान असतं, तिथे 20 लिटरचा कॅन अगदी स्वस्तात भरून देतात.

आता सान बोर्खा.

हायवेपासून आत, डोंगरात, एक जुनं मिशन आहे, जेझुइट पाद्र्यांनी 1762 मध्ये सुरू केलेलं, नंतर डॉमिनिकन पाद्र्यांनी 1801 मध्ये पूर्ण केलेलं दगडी चर्च अजून उभं आहे, आत दगडाचा गोल जिना, आजूबाजूला खजूर, आणि बाकी मैलोन्‌मैल निवडुंग. तिथे पोचायला कच्चाच रस्ता. बाइयाकडून आत शिरलो आणि रोसारितोच्या बाजूने बाहेर पडणार होतो (उत्तरेचं बीचवालं रोसारितो ते वेगळं, हे हायवेवरचं छोटंसं गाव), त्या बाजूने साधारण 35 किमी. रस्ता म्हणजे काही ठिकाणी वाळू, काही ठिकाणी पत्र्यासारखी लहरीलहरीची माती, काही ठिकाणी नुसते धारदार दगड. पण दोन्ही बाजूंना जे जंगल आहे त्याच्यासाठी मी परत जाईन. कार्दोन नावाचे निवडुंग 15 मीटरच्या वर गेलेले, जगातले सर्वात उंच निवडुंग हेच, आणि सिरिओ, उलट्या गाजरासारखी उंच निमुळती झाडं, बारीक काटेरी काड्या फुटलेली, जी या द्वीपकल्पात आणि पलीकडे सोनोराच्या किनाऱ्यावरच्या एका लहान पट्ट्यात सोडून कुठेच उगवत नाहीत. चर्चमध्ये थांबलो, देखभाल करणाऱ्या कुटुंबाने सगळं हिंडून दाखवलं, वर्गणी ठेवून निघालो.

कंपनीने हवा सोडायचं यंत्र आणि गेज दिलं होतं, पण कधी किती सोडायची हे कुणी सांगितलं नाही. गाडी 36 पीएसआयवर दिली होती. कच्च्या रस्त्यावर 22-24, मऊ वाळूत 15-18, एवढं तरी पाठ करून जा. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, वाळूत रुतत नाही, आणि टोकदार दगड आला की रबर त्याच्याभोवती दबतं, ताणलेल्या फुग्यासारखं फुटत नाही. शिवाय त्या लहरींवर दातावर दात आपटत नाहीत. पण डांबरावर आलात की लगेच परत भरायची, कमी हवेत वेगाने पळवलं की टायरची बाजू दुमडून दुमडून तापते आणि फाटते. म्हणून कॉम्प्रेसर हा तंबूपेक्षाही महत्त्वाचा. आम्ही हवा सोडली खरी, पण मिशनला पोचल्यावर, त्याआधीचे सगळे दगड 36 वरच चढून आलो होतो.

मिशनपासून दहाएक किमीवर मागचा उजवा टायर गेला. बाजूला, म्हणजे जिथे टायर सगळ्यात पातळ असतो तिथे, बोटभर चीर. ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, खिळा गेला तर पंक्चर किटने आपण स्वतः काढू शकतो, बाजूच्या चिरेला तो उपाय नाही. नवरा म्हणाला "अगं काही नाही, स्टेपनी आहे ना, अर्ध्या तासात निघू." जॅक वाळूत खाली जायला लागला, खाली ठेवायची फळी नव्हती, सपाट दगड शोधून आणला. स्टेपनी चढवली, गाडी खाली घेतली आणि टायर बसला पूर्ण. गेज लावलं तर 11. मग कॉम्प्रेसर काढला, तो सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा, कारच्या टायरसाठी असतो तसला, रॅंग्लरच्या टायरला तो पुरणारच नव्हता. सात-आठ मिनिटं चालला, 15 पर्यंत आला आणि फ्यूज गेला. दुसरा फ्यूज लावला, तोही गेला. दुपारचे तीन, नेटवर्क शून्य, सकाळपासून रस्त्यावर दोनच गाड्या दिसलेल्या.

घाबरलो नाही असं म्हणणार नाही. पाणी 30 लिटरच्या वर होतं, जेवण होतं, झोपायला घर डोक्यावरच होतं, त्यामुळे जिवाला धोका नव्हता, आणि माझ्याकडे स्वतःचा सॅटेलाइट मेसेंजर होता (भाड्याच्या किटमध्ये नव्हता, तो असायलाच हवा). तास-सव्वा तासाने एक पिकअप आला. जवळच्याच रांचोवरचे (गुरांच्या मळ्यावरचे) काका, साठीच्या पुढचे, त्यांनी स्टेपनीकडे एक नजर टाकली, गाडीतून बॅटरीला चिमटे लावायचा कॉम्प्रेसर काढला आणि दहा मिनिटांत हवा 25 वर आणली. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सारखी माफी मागत होते, ते म्हणाले "नो आय प्रिसा", घाई काही नाही. पैसे घेतले नाहीत, फ्रिजमधलं गार कोकाकोला घेतलं. मग हायवेपर्यंत आमच्या मागे मागे आले, स्वतःचा रस्ता उलटा असताना.

हवा भरताना त्यांनी टायरवरचा आकडा दाखवला. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या स्टेपनीवर 2215 होतं, म्हणजे 2015 चा 22 वा आठवडा. खाली चार टायर अगदी नवे, आणि दारावर हे, उन्हात वाळून बारीक भेगा पडलेलं. शिवाय साइझ एक नंबरने लहान. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत एक चाक लहान असलं की चारही चाकं जोडून चालवताना आतल्या गिअरवर ताण येतो, म्हणून उरलेला रस्ता टू व्हीलवर, हळू हळू.

गेरेरो नेग्रोला दुसऱ्या दिवशी 'यांतेरा' म्हणजे पंक्चरवाल्याकडे गेलो. बाहामध्ये दर गावात एक तरी असतो, बाहेर जुना टायर टांगून त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं. आमच्या साइझचा नवा मिळाला नाही, पण चांगल्या स्थितीतला वापरलेला मिळाला, बसवून बॅलन्स करून दिला. तिथे थांबल्याचा फायदा असा की ओखो दे लिएब्रे खाडीत देवमासे बघायला अख्खा दिवस मिळाला. करडे देवमासे आर्क्टिककडून इतक्या लांब येतात ते इथे पिल्लं घालायला, जानेवारी ते मार्च हा काळ. छोट्या होडीतून गेलो, आई आणि पिल्लू होडीच्या खालून गेले, आईची पाठ दिसत राहिली, दिसतच राहिली, संपेना. एकोणिसाव्या शतकात याच खाडीत शिकाऱ्यांनी कत्तल केली होती, आणि आता तीच माणसाच्या होडीजवळ पिल्लाला घेऊन येतात. मला रडू आलं. खाडीकडे जाणारा रस्ता मिठागरातून जातो, परत आल्यावर गाडीचं पोट धुवून घ्या. आणि 28 व्या अक्षांशावर राज्य बदलतं, हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, होडीची वेळ त्या हिशोबाने धरा.

कोन्सेप्सिओन खाडीबद्दल थोडक्यात, एल रेकेसोनला ओहोटीत बेटापर्यंत जाणारी वाळूची पट्टी उघडी पडते, पाणी उथळ आणि स्वच्छ, वारा नसेल त्या संध्याकाळी बारीक चिलटं चावतात, लांब बाह्या घाला. परतीला काताविन्याचे प्रचंड गोल दगड बघितले. एल रोसारिओ ते गेरेरो नेग्रोच्या अलीकडचं गाव या साधारण 300 किमीच्या पट्ट्यात भरवशाचा पंप नाही, काताविन्याला लोक पिंपातून पेट्रोल विकतात पण त्यावर बेत आखू नका, टाकी भरूनच निघा.

सगळे विचारतात म्हणून, सुरक्षित वाटलं का? आम्हाला वाटलं. लष्कराच्या चौक्या पाच-सहा लागल्या, वीस-बावीस वर्षांची पोरं, कुठून आलात कुठे चाललात विचारतात, फ्रिज उघडून बघतात, नमस्कार करून सोडतात.

गाडी परत दिली तेव्हा मी त्यांना स्टेपनीचे फोटो, आकडा, जळलेले फ्यूज, यांतेराची पावती सगळं दाखवलं. मॅनेजरने आधी पॉलिसीतलं कलम दाखवलं. मी म्हटलं, टायर फाटला ती आमची चूक, आम्ही हवा वेळेवर कमी केली नाही, त्याचे पैसे मी मागतच नाहीये, पण 11 वर असलेली दहा वर्षांच्या आसपासची स्टेपनी वाळवंटात पाठवायची ही तुमची. ते मान्य केलं, दोन दिवसांचं भाडं परत केलं, यायला तीन आठवडे लागले पण आलं. तीन तारे. तंबू, फ्रिज, पेटी, कागदपत्रं याला पाच दिले असते. परत यांच्याकडूनच घेईन का, तर हो, पण बुकिंगच्या मेलमध्येच स्टेपनीवरच्या आकड्याचा फोटो मागवीन, बॅटरीला चिमटे लावायचा कॉम्प्रेसर लेखी मागीन, जॅकखालची फळी मागीन, आणि काउंटरवर पैसे भरायच्या आधी पाचही टायरची हवा त्यांच्यासमोर मोजून घेईन.